‘नॉमिनेट’ : एका क्रियापदाचें चरित्र

मध्यंतरीं राज्यशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, निवडणुकीचा अर्ज भरला कीं तेंही नॉमिनेशन, आणि राज्यपालांनीं विधानपरिषदेवर माणूस घेतला कीं तेंही नॉमिनेशन. मग ‘नॉमिनेट’ म्हणजे सुचविणें कीं नेमणें?” कोशकार दोन्ही अर्थ शेजारीं ठेवून मोकळा होतो, उत्तर इतिहासांतच शोधावें लागतें.

मूळ लॅटिन शब्दांत नांव घेण्यापलीकडे कांहीं नाहीं. नांव घेणारा कोण, यावर पुढचें सारें अवलंबून. रोमचा बादशहा टायबेरिअस यानें प्रेटरच्या जागांसाठीं चारच उमेदवारांची ‘शिफारस’ करण्याचें कबूल केलें. मात्र त्या चौघांना नाकारण्याची सोय नव्हती! इंग्लंडांत १६५३ सालीं क्रॉमवेल व त्याचे सेनाधिकारी यांनीं माणसें निवडून सभा भरविली, तिला इतिहासकार ‘नॉमिनेटेड’ सभा म्हणतात. उलट त्याच देशांत १८७२ पर्यंत निवडणुकीच्या वेळीं उघड्या मंचावरून उमेदवाराचें नांव सुचवीत, आणि खालचा जमाव, ज्यांत मताधिकार नसलेलेही असत, हात वर करून कौल देई. त्या सालच्या गुप्त मतदानाच्या कायद्यानें ही जत्रा मोडली व लेखी नामनिर्देशनपत्र आणलें. म्हणजे हें क्रियापद तिकडे सत्ताधाऱ्याच्याही तोंडीं होतें आणि नागरिकाच्याही.

आपल्या कायदेमंडळांत मात्र तें प्रथम आलें तें सत्ताधाऱ्याच्या तोंडून. १८६१ च्या कायद्यानें कौन्सिलांत जादा सभासद घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि १८६२ सालीं जगन्नाथ शंकरशेट मुंबईच्या कौन्सिलांत बसले ते असे सरकारनें नेमलेले. पुढें राष्ट्रीय सभा निवडणुकीचा हक्क मागूं लागली. सॉल्सबरीच्या मंत्रिमंडळाला तो उघडपणें द्यावयाचा नव्हता, आणि साफ नाकारणेंही अवघड झालें होतें. तेव्हां १८९२ च्या कायद्यांत निवडणूक हा शब्दच येऊं दिला नाहीं. सभासद ‘नॉमिनेट’ करण्याचे नियम सरकारनें करावे, एवढेंच कलम घातलें. त्या नियमांप्रमाणें म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डें, विद्यापीठ यांनीं मतें घेऊन नांवाची शिफारस करावयाची व सरकारनें त्या गृहस्थास ‘नॉमिनेट’ करावयाचें, अशी वहिवाट पडली. नागरिकाचें सुचविणें आणि सरकारचें नेमणें हे दोन्ही अर्थ एका पोटांत घेणारें क्रियापद इंग्रज मुत्सद्द्यांना आयतेंच सांपडलें होतें.

याच दारानें मुंबई कॉर्पोरेशनच्या वतीनें १८९३ सालीं फिरोजशहा मेहता आंत गेले. १८९५ व १८९७ सालीं टिळक गेले. कायद्याच्या भाषेंत हे सरकारनें नेमलेले. लोक मात्र बेधडक ‘निवडून आले’ म्हणत. कित्येकजण या युक्तीला निव्वळ लबाडी समजतात. मला तसें वाटत नाहीं. लबाडी होती खरी, पण तिच्या आडोशानें सरकारी बांकांसमोर सरकारचे टीकाकार येऊन बसले. शिफारस नाकारण्याची मुखत्यारी सरकारनें राखली होती. सामान्यतः ती वापरली जात नसे. १९०९ च्या कायद्यानें अखेर निवडलेले व नेमलेले अशी उघड वांटणी केली.

मराठीनें तरी कोठें निराळें केलें? ‘सरकारनियुक्त’च्या जोडीला आपण ‘लोकनियुक्त’ शब्द घडविला. म्हणजे लोकांनीं निवडलें तरी तें ‘नेमणें’च! ‘उमेदवार’ हा फारसी शब्द बरा. तो बिचारा आशा धरून बसलेला, एवढेंच सांगतो.

विद्यार्थ्याला मीं सांगितलें, दोन्ही अर्थ आजही कायद्यांत जिवंत आहेत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणें मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला आज एका मतदाराची सूचना पुरते, इतरांना दहांची लागते. तें सुचविणें झालें. राज्यसभेवर बाराजण राष्ट्रपति घेतात, तें नेमणें. महामहोपाध्याय पां. वा. काणे तेथें गेले ते असे नेमलेले. त्यावर मुलगा म्हणाला, “मग सर, काण्यांचें नांव राष्ट्रपतींना कोणी सुचविलें?” घंटा झाली होती. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचा विषय मीं पुढच्या तासावर टाकला.