अंशदान परताव्याचे दावे (कर्मचारी राज्य विमा), कडेगाव परिसर

कर्मचारी राज्य विमा योजनेत देय नसताना किंवा देय रकमेपेक्षा जास्त भरलेले अंशदान परत मिळवण्यासाठी केलेले अर्ज आणि न्यायालयीन दावे. वरवर पाहता हा मालक आणि विमा महामंडळ यांच्यातला हिशेबाचा वाद असतो. पण ‘हे अंशदान देयच नव्हते’ असे एकदा ठरले, की ज्याच्या नावावर ते भरले तो कामगार त्या काळापुरता विमेदार उरत नाही. त्यामुळे या दाव्यांकडे रकमेच्या आधी कामगाराच्या बाजूने पाहायला हवे.

योजनेचे मूळ प्रा. बी. पी. आडारकर यांच्या 1944 च्या अहवालात आहे. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. कायदा 1948 मध्ये झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात, कुटुंबाचे औषधपाणी ही तिची मुख्य अंगे. नोकरी गेल्यावरचा भत्ता 2005 मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने आणि 2018 पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेने त्यात आला. रोजगार विमा म्हणून पाश्चात्त्य देशांत जे ओळखले जाते, त्याच्या सर्वांत जवळची भारतीय व्यवस्था हीच.

1 जुलै 2019 पासून मालकाचा हिस्सा वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के आहे; त्याआधी हे दर 4.75 आणि 1.75 टक्के होते. वेतनमर्यादा 1 जानेवारी 2017 पासून दरमहा 21,000 रुपये. या मर्यादेइतकाच पगार असलेल्या कामगाराची कपात 157 रुपये 50 पैसे होते आणि ती पुढच्या पूर्ण रुपयावर नेऊन 158 भरली जाते; मालकाचे 683. सहा महिन्यांचे कामगाराचे 948 रुपये. एवढ्या रकमेसाठी तालुक्याच्या गावाहून सांगलीला तारखांना हेलपाटे घालणे कोणाही कामगाराला परवडणारे नाही. परताव्याचे दावे जवळजवळ नेहमी मालकच लावतात, त्याचे कारण इथे आहे.

कडेगाव तालुक्यात या कायद्याची सीमारेषा फार स्पष्ट दिसते. वांगीचा सोनहिरा सहकारी साखर कारखाना आणि भोवतालचा ऊस ही इथल्या अर्थकारणाची एक बाजू. शाळगाव-बोंबाळेवाडीची औद्योगिक वसाहत ही दुसरी. 1948 च्या कायद्याच्या कलम 1(4) ने हंगामी कारखाने योजनेबाहेर ठेवले आणि कलम 2(19अ) मधील त्यांच्या व्याख्येत साखर व गूळ यांचा नावानिशी उल्लेख आहे. सरकी काढणे, भुईमूग फोडणे, चहा, कॉफी, रबर यांच्याच ओळीत. मात्र कारखाना ‘केवळ’ या प्रक्रियांत किंवा त्यांना आनुषंगिक प्रक्रियांत गुंतलेला असावा, अशी अट आहे. गळीत संपल्यावरही चालणारी आसवनी किंवा सहवीज प्रकल्प साखरेला आनुषंगिक मानायचे की स्वतंत्र उद्योग, यावर त्या विभागातल्या माणसाला विमा लागू होतो की नाही हे ठरते. ऊसपट्ट्यात ‘आम्ही कायद्याबाहेर असताना चुकून भरले’ हा दावा उभा राहू शकतो तो इथेच. औद्योगिक वसाहतीतल्या बारमाही कारखान्यांना ही सवलत नाही. तिथे कामगारांची संख्या आणि पगार यांवर प्रश्न फिरतो. शेजारच्या विट्याच्या यंत्रमागांसारख्या छोट्या युनिटांत दहा कामगारांची मर्यादा निर्णायक ठरते.

संख्येच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार खटल्यापर्यंत जातो. कामगार मर्यादेखाली गेले की अंशदान थांबते, असे समजून मालक भरणा बंद करतात. 20 ऑक्टोबर 1989 पासून अमलात आलेल्या कलम 1(6) नुसार मात्र एकदा लागू झालेला कायदा संख्या घटली तरी लागूच राहतो. वारंगळच्या राधिका थिएटरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये हे कलम आधीपासून चालत आलेल्या आस्थापनांनाही लागू असल्याचे सांगितले. संख्या घटल्याच्या आधारावर परतावा मागण्याची वाट त्यामुळे जवळपास बंद झाली आहे.

पगाराबाबतही तसेच. अंशदान कालावधी दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालावधीच्या सुरुवातीला मर्यादेत असलेल्या कामगाराचा पगार मध्येच 21,000 च्या वर गेला, तरी कालावधी संपेपर्यंत तो विमेदारच राहतो आणि पूर्ण पगारावर अंशदान पडते. जूनमध्ये पगारवाढ मिळाली म्हणून जुलैपासूनची कपात ‘जादा’ ठरत नाही. ओव्हरटाइमचे पैसे मर्यादा पाहताना धरत नाहीत, पण अंशदान मोजताना धरतात. इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वेतनच ठरवले. उलट दोन महिन्यांपेक्षा जास्त अंतराने दिलेला जादा मोबदला वेतनाच्या व्याख्येत बसत नाही. व्हर्लपूलच्या 2000 मधील निकालात दर तिमाहीला दिला जाणारा उत्पादन प्रोत्साहन भत्ता याच कारणाने बाहेर पडला. प्रवासभत्त्याचे उत्तर टेक्स्मो इंडस्ट्रीजच्या प्रकरणात 2021 मध्ये मालकाच्या बाजूने आले. जो मालक अशा भत्त्यांवर वर्षानुवर्षे अंशदान भरत आला, त्याची रक्कम खरोखर जादा असते.

ती परत मिळवण्याची वाट 1950 च्या सर्वसाधारण विनियमांतील विनियम 40 मध्ये आहे, आणि ती अरुंद आहे. चुकीच्या समजुतीने भरलेले किंवा जास्त दराने भरलेले अंशदान महामंडळ परत करू शकते. मात्र त्या अंशदानाशी जोडलेला लाभ कालावधी सुरू होण्यापूर्वी लेखी अर्ज हवा. एप्रिल ते सप्टेंबरच्या भरण्याचा लाभ कालावधी पुढच्या 1 जानेवारीला, ऑक्टोबर ते मार्चचा 1 जुलैला सुरू होतो. सप्टेंबरची चूक ऑडिटरला मार्चमध्ये दिसली, तर अर्जाची मुदत गेलेली असते. परताव्यावर व्याज नाही, आणि त्या अंशदानाच्या आधारावर कोणाला लाभ दिला गेला असेल तर तेवढी रक्कम वजा होऊ शकते. मालकाने भरण्यास उशीर केला तर मात्र कलम 39(5) खाली वर्षाला 12 टक्के व्याज लागते. ही असमानता खटकते. मुदतीमागचे कारण मात्र पटण्यासारखे आहे. लाभ कालावधी सुरू झाला, म्हणजे महामंडळाने त्या कामगाराची जोखीम अंगावर घेतली; त्यानंतर कोणाला आजारी रजेचा पैसा मिळाला, कोणाला मिळू शकला असता, हे मागे जाऊन पुसता येत नाही.

हॅरिसन मलयाळमच्या 1993 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व दुसऱ्या बाजूने मांडले : अंशदान विमानिधीत जाते, त्यामुळे कामगार आता ओळखता येत नाहीत या सबबीवर मालकाची जबाबदारी संपत नाही.

अर्ज फेटाळला गेला किंवा मुळात कायदा लागू होतो की नाही हाच वाद असला, तर कलम 75 खाली कर्मचारी विमा न्यायालयात जावे लागते. दिवाणी न्यायालयाची दारे कलम 75(3) ने बंद केली आहेत. कारण घडल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा लागतो. महामंडळाने मागणी काढलेली असेल तर तिला आव्हान देण्यापूर्वी निम्मी रक्कम भरावी लागते; न्यायालय कारणे नोंदवून ती कमी किंवा माफ करू शकते. म्हणून पुष्कळ दाव्यांत परतावा ही मूळ मागणी नसतेच. आधी भरलेली निम्मी रक्कम दावा जिंकल्यावर परत मागितली जाते, आणि हे मालक विनियम 40 मधल्या अर्जदारांपेक्षा बरेच चांगल्या स्थितीत असतात.

परताव्याचा सर्वसाधारण कायदाही या दाव्यांत येतो. कायद्याच्या गैरसमजातून दिलेला पैसा करार कायद्याच्या कलम 72 खाली परत मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ प्रकरणात विक्रीकराबाबत सांगितले. मफतलाल इंडस्ट्रीजच्या डिसेंबर 1996 च्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्याला मर्यादा घातली : मूळ कायद्यात परताव्याची पद्धत असेल तर तीच वापरायची, आणि ज्याने बोजा दुसऱ्यावर ढकलला त्याला परतावा नाही. तो निकाल उत्पादन शुल्काचा; पण दुसरी कसोटी विम्याच्या अंशदानाला नेमकी लागू पडावी अशी आहे. 0.75 टक्के हा कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा आहे, आणि कलम 40(4) नुसार कापलेली रक्कम मालकाकडे विश्वासाने सोपवलेली मानली जाते. मालकाच्या खात्यात आलेल्या परताव्यातला हा भाग त्याने कामगाराला दिला नाही, तर ती अनुचित कमाई ठरते.

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निकाल फर्टिलायझर्स अँड केमिकल्स त्रावणकोर प्रकरणातला, 2009 चा. मालकाने कलम 75 खाली दावा लावला तर संबंधित कामगारांना पक्षकार करणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. कारण कायदा लागू नाही असा निकाल झाल्यास नुकसान त्यांचे होते. ज्या कामगाराच्या घरी त्या काळात आजारपण आले, त्याला वेतनाच्या 70 टक्के दराने वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळणारा आजारपणाचा लाभ पणाला लागलेला असतो. 948 रुपये परत मिळण्यापेक्षा तो कितीतरी मोठा.

कॅनडात हाच प्रश्न वेगळ्या वळणाने गेला. तिथे रोजगार विम्याला वार्षिक कमाल मर्यादा असते. वर्षात दोन नोकऱ्या केलेल्याची जादा कपात त्याला आयकर विवरणातून परत मिळते, मालकांच्या हिश्श्याला मात्र तसा परतावा नाही. 11 डिसेंबर 2008 रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने कामगार संघटनांच्या दाव्यात 2002, 2003 आणि 2005 या वर्षांचे हप्ते योग्य कायदेशीर अधिकाराशिवाय गोळा केल्याचे ठरवले, पण निर्णयाचा परिणाम बारा महिने स्थगित ठेवला. भारतात वार्षिक कमाल नसल्याने दोन नोकऱ्यांमुळे जादा भरणा होण्याचा प्रकार त्या स्वरूपात उद्भवत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली आणि 1948 च्या कायद्याची जागा तिने घेतली. वर दिलेली कलमे जुन्या कायद्यातली असून आधीच्या काळाचे वाद त्यांच्याच आधाराने चालतात. विमा न्यायालयाच्या आदेशावरचे अपील, जुन्या कलम 82 नुसार 60 दिवसांत आणि केवळ महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नावर, उच्च न्यायालयात जाते. सांगली जिल्ह्यातल्या पक्षकारांना त्यासाठी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. पक्षकार म्हणून नोटीस आलेल्या कडेगावच्या कामगाराला आता कोल्हापूरला जाऊन त्याच दिवशी घरी परतता येते.