इनामगाव

इनामगाव : पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील एक लहान शेतकरी गाव व ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे प्रसिद्ध स्थळ. पुण्याच्या पूर्वेस सु. ९० किमी.वर, घोड नदीच्या उजव्या तीरी ते आहे. सह्याद्रीत उगम पावून घोड पुढे भीमेला मिळते. शिरूर शहराला जुनी माणसे अजून ‘घोडनदी’च म्हणतात, इतकी ही नदी या मुलखाच्या नावागावात मुरली आहे.

हा प्रदेश पर्जन्यछायेतला. पाऊस थोडा, त्यातही बेभरवशाचा. नदीकाठची काळी, ओल धरून ठेवणारी जमीन म्हणूनच मोलाची. परतीचा पाऊस नीट झाला तर रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा साधतो. तो चुकला की वर्ष जाते. अलीकडे पाणी पोहोचेल तिथे उसाने जुन्या पिकांची जागा घेतली आहे.

शेताला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची आपली रीत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेणमाती आणि पडलेल्या भिंती साचून माती पांढुरकी होते, म्हणून पांढरी. इनामगावच्या शिवारातील नदीकाठची टेकाडे ही अशीच पांढर, फक्त तीन हजारांहून अधिक वर्षे जुनी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ती खणली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांच्या या कामाचा दोन खंडांतील अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात तोवर बहुतेक ठिकाणी उभा खड्डा खणून थर मोजण्यावर भर असे. इथे आडवे, विस्तृत खोदकाम करून शंभरावर घरे उघडी केली गेली. त्यामुळे नुसती खापरे हाती आली नाहीत, शेजार कळला.

वस्तीचे तीन कालखंड मानतात : माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (१०००–७००). पहिल्या कालखंडातील मृद्‌भांडी नर्मदाकाठच्या नावडातोलीशी नाते सांगतात. ‘जोर्वे’ हे नाव संगमनेर तालुक्यातील गावावरून आले. तांबूस अंगावर काळी नक्षी, तोटीची भांडी आणि टिचकी मारली की खणखणणारी भाजणी ही त्या घाटाची ओळख.

पूर्व जोर्वे काळ हा भरभराटीचा. कुडाच्या भिंतींची, गवताने शाकारलेली चौकोनी घरे ओळीने उभी होती. घरात चूल, कणगीसाठी गोल ओटे, धान्याची पेवे. मुख्य पीक जव. जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळत आणि हरणांची शिकारही करत. कुंभार व सोनार यांसारखे कारागीर वस्तीच्या पश्चिम कडेला राहत. मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर आणि त्याला लागून धान्यकोठार सापडले. उत्खननकर्त्यांनी ते गावप्रमुखाचे ठरवले. खोल्या पाच आणि दाराशी कोठार, एवढ्यावरून राजकारण वाचणे धाडसाचे आहे खरे. पण पुराचे पाणी वळवून घेणारा सु. ४ मी. रुंद चर आणि दगडमातीचा बंधारा पाहिला की, कुणीतरी माणसे गोळा करून कामाला लावली असणार, हे मान्य करावेच लागते. जव, गहू ही हिवाळी पिके या कोरड्या मुलखात साठवलेल्या पाण्याशिवाय भरवशाने येणे कठीणच होते.

मेलेल्यांना गावाबाहेर नेत नसत. घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मुले दोन रांजणांत, तोंडाला तोंड जुळवून. प्रौढ उत्तर-दक्षिण, घोट्याखाली पाय तोडलेले. मृताने परतून येऊ नये म्हणून, असा तर्क केला जातो. त्या पाचखणी घराच्या अंगणात मात्र एक पुरुष चार पायांच्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत सापडला, आणि त्याचे पाय शाबूत होते. दुसऱ्या एका घराच्या जमिनीखालच्या मातीच्या पेटीत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती व बैल मिळाले. मूर्ती बैलाच्या पाठीवर बसवता येते. ही मातृदेवता असावी, असे मानतात.

इ. स. पू. १००० च्या सुमारास उतरण लागली. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांड्यांची नक्षी ओसरली, शेतीपेक्षा पशुपालनावर भिस्त वाढली. पाऊसमान घटल्याने असे झाले, असे ढवळीकरांचे मत. सुभाष वाळिंबे व जॉन लुकाक्स यांनी इथल्या सांगाड्यांचा, विशेषतः बालकांच्या दातांचा व हाडांचा अभ्यास केला. भांड्यांतून न दिसणारी कुपोषणाची व आजाराची बाजू त्यातून पुढे आली. या टेकाडांवरची दोनशेहून अधिक दफने, त्यांत बरीचशी मुलांची, हा भारतीय शारीर मानवशास्त्रातील मोठा संग्रह होय.

इ. स. पू. ७०० च्या सुमारास पांढर ओस पडली.