दुखत नाही, हाच घोटाळा

परवा बाबांच्या तळपायाला जखम दिसली. चपलेतला खिळा वर आला होता आणि हे दोन दिवस तशीच घालून हिंडत होते. "दुखलंच नाही रे," म्हणाले. शुगर पंधरा वर्षांची. आत पू झालेला; डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. घरी येऊन वाचत बसलो आणि अख्खा वीकेंड डॉ. पॉल ब्रँड या माणसात गेला.

ब्रँड जन्मले १९१४ साली, तमिळनाडूत, मिशनरी आईबापांच्या पोटी. १९४६ मध्ये सर्जन म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगानेच सडून झडतात, असा तेव्हा समज होता. एकदा त्यांना एक गंजलेलं कुलूप उघडेना. एका कुष्ठरोगी पोराने किल्ली सहज फिरवली. एवढी ताकद आली कुठून, म्हणून हात पाहिला, तर बोट हाडापर्यंत चिरलेलं. पोराला पत्ताच नाही! मग ब्रँड एकेका जखमेचा माग काढू लागले. गरम भांडं, खिळा, रात्री झोपेत बोटं कुरतडणारे उंदीर. रोग नसा मारतो. पुढची नासधूस न कळलेल्या इजा आणि त्यांतला संसर्ग करतो. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत, सिस्टीम कोसळतेय आणि एरर लॉग बंद. असो.

१९६६ साली ते अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे मधुमेहींचे पाय पाहिले, तर तीच कथा. न भरणाऱ्या जखमेचं खापर सरसकट रक्तपुरवठ्यावर फुटायचं आणि शेवटी पाय कापला जायचा. मधुमेहात रक्तवाहिन्या तुंबतात हे खरंच, ते तपासावंच लागतं. पण रक्तपुरवठा ठीक असलेल्यांच्या जखमाही भरत नव्हत्या, कारण दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहायचा. ब्रँडनी भारतात कुष्ठरोग्यांसाठी वापरलेलं प्लास्टर तिथे आणलं. तळव्याला सगळीकडे नीट टेकणारं, म्हणजे वजन एका जागी न पडता वाटलं जातं. शिवाय ते पाय हाताने चाचपत. वेदना गेली तरी आतल्या सुजेची ऊब लपत नाही.

वेल्लोरला त्यांनी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपलाही करून घेतल्या होत्या. तीच एमसीआर चप्पल काल बाबांना आणली. "म्हाताऱ्यांची दिसते," म्हणून कोपऱ्यात पडलीय. रोज रात्री मी त्यांचे तळवे चाचपतो. ते पेपर वाचायचं नाटक करतात.