मेद्वेजाच्या कबरी आणि उशिरा आलेले डॉक्टर

रक्तपिपासू पिशाचांचा विषय निघाला की शिकलेला माणूस हल्ली घाबरत नाही, निदान करतो. ते पोर्फिरियाचे रोगी होते, असे एक जण सांगतो. दुसरा रेबीजचे नाव घेतो. तिसऱ्याच्या मते ती जिवंतपणी पुरलेली माणसे. तिघांचे एका मुद्द्यावर मात्र एकमत असते: अडाणी खेडुतांना भ्रम झाला आणि विद्वानांनी तो दूर केला. हा समज विवेकाचा वेष घेऊन वावरतो, त्यामुळे त्याची उलटतपासणी घ्यायला सहसा कोणी धजत नाही. ती घेऊ. पुराव्याला मुख्यतः एकच कागद पुरेल. निकाल वाचकांनी द्यावा.

तो कागद म्हणजे 26 जानेवारी 1732 या तारखेचा, बेलग्रेडचा एक अहवाल. लिहिणारा योहान फ्ल्यूकिंगर हा ऑस्ट्रियाच्या पलटणीतला सर्जन. खाली आणखी दोन सर्जनांच्या आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांच्या सह्या. 1718च्या तहाने सर्बियाचा उत्तरेकडचा मुलूख ऑस्ट्रियाकडे आला होता. त्यातले मोरावा नदीकाठचे मेद्वेजा हे गाव. 1731 सरता सरता तिथे तीन महिन्यांत 17 माणसे दगावली. काही तर आधी कसलेही दुखणे नसताना दोन-तीन दिवसांत. गावाच्या लेखी हे 17 खून होते, आणि पहिला मारेकरी कोण तेही गावाने ठरवले होते. अर्नोल्ड पाओले हा हैदुक, म्हणजे सरहद्दीवरचा शिपाईगडी, पाचेक वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला होता. तुर्की मुलखात आपल्याला पिशाचाने छळले, त्याच्या कबरीतली माती खाऊन आणि त्याचे रक्त अंगाला फासून आपण सुटलो, असे तो हयातीत सांगे. मेल्यावर तोच लोकांना छळू लागला, चौघे गेले. चाळिसाव्या दिवशी गावाने त्याला उकरून काढले, काळजात खुंटा ठोकला आणि जाळले. मध्ये काही वर्षे गेली, आणि पुन्हा मरणे सुरू झाली.

आता पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. 1985 साली डेव्हिड डॉल्फिन या रसायनशास्त्रज्ञाने पोर्फिरियाची कल्पना मांडली: उन्हाने कातडी सोलवटते, हिरड्या मागे सरून दात लांब दिसतात, रक्तातला एक घटक नीट तयार होत नाही, म्हणून रोगी रक्त प्यायला बघत असतील. 1998 साली हुआन गोमेझ-अलोन्सो या स्पॅनिश मेंदूविकारतज्ज्ञाने रेबीजचा पक्ष घेतला. तो अधिक भक्कम आहे. रेबीजचा रोगी चावू शकतो, त्याला झोप लागत नाही, तोंडातून रक्तमिश्रित फेस येतो. शिवाय 1721 ते 1728 या काळात हंगेरीत रेबीजची मोठी साथ होती. हे दोघे थट्टेखोर नव्हते. जुन्या भीतीला त्यांनी गंभीरपणे घेतले, हे त्यांचे श्रेय.

पण त्यांनी तपासले कोणाला? उन्हाला भिणारे, सुळे दाखवणारे पिशाच या अहवालात आहे कुठे? उन्हाने मरणारे पिशाच 1922च्या ‘नोस्फेरातू’ चित्रपटाने रुजवले. मेद्वेजाचे आरोपी दिवसाउजेडी पंचांसमक्ष उकरून काढले गेले आणि कोणाचीही कातडी उन्हाने जळल्याची नोंद नाही. पोर्फिरियाचा ज्या प्रकाराने चेहरा विद्रूप होतो तो इतका दुर्मीळ की साऱ्या वैद्यकीय वाङ्मयात त्याचे रोगी काही शेकड्यांत मोजावेत. तो एका गावात तीन महिन्यांत 17 जणांना गाठेल? आणि रक्त पिऊन तो बराही होत नाही. पोर्फिरियाने सिनेमाचे निदान केले, कबरीचे नव्हे.

रेबीजकडे वळू. अहवालातली मिलित्सा ही साठ वर्षांची बाई तीन महिने आजारी होती. रेबीजची लक्षणे एकदा उमटली की रोगी काही दिवसांत जातो. स्तानोयका ही वीस वर्षांची हैदुकाची बायको मध्यरात्री किंचाळत उठली, मेलेल्या मिलोएने आपला गळा आवळला म्हणाली, छातीत भयंकर दुखू लागले आणि तिसऱ्या दिवशी गेली. यात पिसाळलेले कुत्रे नाही, चावा नाही, पाण्याची भीती नाही. माणसाकडून माणसाला रेबीज होणे तर जवळपास ऐकिवातच नाही. आणि पिशाच ठरलेल्यांत एक मूल आठ दिवसांचे होते. तेही लोकांना चावत सुटले होते काय?

जिवंत पुरल्याच्या तर्काला फार वेळ देण्याचे कारण नाही. मिलित्सा नव्वदहून अधिक दिवस जमिनीखाली होती.

या सगळ्या निदानांचा पायाच एका चुकीवर उभा आहे. ती जिवंत रोग्याचा शोध घेतात. मेद्वेजाच्या लोकांचे पिशाच म्हणजे कबरीतले प्रेत होते. आणि त्या प्रेताविषयी ते जे सांगत होते ते जवळजवळ अक्षरशः खरे होते. पॉल बार्बर या अमेरिकी अभ्यासकाने 1988च्या आपल्या पुस्तकात हे सविस्तर दाखवले. तरी पोर्फिरियाची गोष्टच अजून लोकप्रिय आहे!

पाओलेच्या तोंडानाकातून ताजे रक्त वाहिले, असे गाव म्हणत होते. मृत्यूनंतर गोठलेले रक्त बऱ्याचदा पुन्हा पातळ होते आणि पोटात साठलेले वायू रक्ताळलेले द्रव वर रेटतात. जुनी नखे व कातडी गळून नवी आली होती म्हणे. वरची त्वचा सुटून येते, खाली ओली, लालसर त्वचा दिसते, नखांचेही तसेच. खुंटा ठोकल्यावर तो विव्हळला? कोंडलेला वायू कंठातून बाहेर पडला की आवाज होणारच. जन्मभर वाळक्या अंगाची असलेली मिलित्सा कबरीत गुबगुबीत झाली, याचे हैदुकांना नवल वाटले. वायूने प्रेत फुगते. यातले एकही निरीक्षण भ्रम म्हणून बाजूला सारता येत नाही.

मग इतक्या दिवसांनी ही प्रेते ‘ताजी’ कशी? एकोणिसाव्या शतकातला जर्मन न्यायवैद्यकतज्ज्ञ कास्पर याच्या नावाने एक ठोकताळा प्रसिद्ध आहे: हवेत एका आठवड्यात जेवढे कुजते तेवढे पाण्यात दोन आणि जमिनीत आठ आठवड्यांत. त्या हिशेबाने पाओलेचे चाळीस दिवस म्हणजे हवेतले पाच. नेमकी फुगण्याची अवस्था. 1731च्या प्रेतांना तर सर्बियाचा हिवाळाही लाभला होता.

गाव कुठे चुकले, तेही सांगितलेच पाहिजे. गावाकडे कसोटी होती: कुजलेले प्रेत निर्दोष, न कुजलेले दोषी. हादनाक या मुखियाची बायको आणि तिचे मूल पूर्ण कुजलेले निघाले, शेजारच्याच कबरींतली इतर प्रेते मात्र नाही. जमीन तीच, हेही अहवालाने नोंदवले. एवढी काटेकोर तुलना करणाऱ्यांना अडाणी म्हणायला जीभ रेटते कशी? पण माती, ओल, कबरीची खोली, देहाची स्थिती यांनी पडणारा फरक त्यांनी पापपुण्याचा मानला. मधल्या वर्षांचे खिंडार बुजवायला त्यांनी मेंढ्याही आणल्या: जुन्या पिशाचांनी मारलेल्या मेंढ्यांचे मांस मिलित्साने खाल्ले होते, म्हणून साथ पुन्हा सुरू झाली. इथे निरीक्षण संपले आणि ठिगळ सुरू झाले.

आणि विद्वान? आधी 12 डिसेंबर 1731ला ग्लाझर हा साथरोगांचा सरकारी वैद्य आला. रात्री दोन-तीन घरची माणसे एकत्र जमत, काही झोपत, काही पहारा देत, हे त्याने पाहिले. साथ नाही, उपवासांनी प्रकृती ढासळल्या, असे त्याचे मत पडले. पण कबरी उघडल्यावर तोही चक्रावला, आणि गाव उठून जाऊ नये म्हणून लोकांच्या मागणीप्रमाणे व्हावे, असे त्याने वर कळवले. जानेवारीत फ्ल्यूकिंगरने प्रेते स्वतः फाडली, आतडी-फुप्फुसे तपासली आणि ‘पिशाचावस्थेत’ असा शेरा मारून सही केली. मुंडकी छाटून धडे जाळली, राख मोरावेत टाकली; कुजलेली प्रेते परत पुरली. भ्रम दूर करणारे ते विद्वान हेच काय? खरे उत्तर आले 1755मध्ये, मोराव्हियातल्या एका प्रकरणात. मारिया थेरेसाचा वैद्य फान स्वीटेन याने थंडी आणि कोंडलेली हवा यांवर बोट ठेवले आणि राणीने प्रेते उकरायला बंदी घातली. त्याला पोर्फिरियाची गरज पडली नाही.

17 माणसे मेली ती खरोखरच मेली. छातीतले दुखणे, ताप, दोन-तीन दिवसांत मरण: एवढ्यावरून रोगाचे नाव ठरत नाही आणि ठरवू नये. आरोपींतून पाओले सुटला, मिलित्सा सुटली, आठ दिवसांचे ते मूलही सुटले. रेबीजच्या वकिलांना अजून बाजू मांडायची असेल तर जरूर मांडावी. त्यांनी सुरुवात मिलित्साच्या तीन महिन्यांच्या आजारपणापासून करावी.