आरेची रात्र आणि एक पत्र

१/५ सप्टेंबर २०१९ मध्ये जगभरचे विद्यार्थी हवामानबदलाविरुद्ध रस्त्यावर उतरले. दोनच आठवड्यांनी, ४ ऑक्टोबरला, मुंबईच्या आरे वसाहतीतील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या. मेट्रो-३च्या कारशेडसाठी त्याच रात्री झाडांवर यंत्रे चालू लागली.

२/५ वार्ता समाजमाध्यमांवरून पसरताच तरुण अंधारातच आरेत पोहोचले. जमावबंदी लागू झाली. २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थीही होते.

३/५ सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुट्टी होती. तेव्हा कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या पत्रालाच जनहित याचिका मानून ७ ऑक्टोबरला विशेष पीठ बसले. वृक्षतोड थांबली, अटकेतील सर्वांच्या सुटकेचाही आदेश निघाला.

४/५ परंतु तोवर, मेट्रो महामंडळाच्याच निवेदनानुसार, २,१४१ झाडे पडली होती. पुढे २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्ये सत्तांतर होताच तो फिरवला गेला.

५/५ तरुणांसाठी न्यायालयाचे दार सुट्टीतही उघडले, हे खरे. मात्र ते उघडेपर्यंतचे तीन दिवस झाडांना मिळाले नाहीत. पिढ्यांमधला हा वाद मतांचा होता, तितकाच वेळेचाही होता.