मत्स्यटाकीतील जलवनस्पती : प्रकाशाचे नियोजन व लागवड

शोभेच्या माशांच्या टाकीत जिवंत वनस्पती लावल्यास त्या माशांच्या विष्ठेपासून तयार होणारा अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात, दिवसा पाण्यात ऑक्सिजन सोडतात आणि पिल्लांना आसरा देतात. मात्र अनेक टाक्यांत महिनाभरातच काच हिरवी होते, पाने शेवाळाने झाकली जातात आणि रोपे काढून टाकावी लागतात. बहुतेक वेळा याचे कारण गरजेपेक्षा जास्त प्रकाश हे असते.

जास्त प्रकाश का नको?

शेतातील पिकाला हवेतून कार्बन डायऑक्साइड सतत मिळतो. पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. त्यामुळे दिवा मोठा लावला तरी रोपाची वाढ वायूअभावी अडते. उरलेल्या प्रकाशाचा व अन्नद्रव्यांचा फायदा शेवाळाला होतो. लहान टाकीत वायूचे सिलिंडर बसवण्यापेक्षा प्रकाश बेताचा ठेवणे सोपे व स्वस्त आहे.

दिव्याची निवड व वेळ

- प्रति लिटर पाण्यास २० ते २५ ल्युमेन प्रकाश पुरेसा होतो. २ × १ × १ फूट टाकीत सुमारे ५० लिटर पाणी बसते. त्यासाठी १००० ते १२५० ल्युमेनचा, म्हणजे साधारण १० ते १२ वॅटचा एलईडी दिवा घ्यावा. ल्युमेनचा आकडा खोक्यावर छापलेला असतो.
- ६५०० केल्विनचा पांढरा प्रकाश चालतो.
- पहिले ३ ते ४ आठवडे रोज ६ तास, नंतर ८ तासांपर्यंत दिवा लावावा. वेळ रोज तीच ठेवावी. त्यासाठी टायमर वापरावा.
- टाकी खिडकीतील थेट उन्हात ठेवू नये. शेवाळ वाढते आणि उन्हाळ्यात पाणी तापते.
- दिव्याची वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही.

कमी प्रकाशात येणाऱ्या वनस्पती

- जावा फर्न, अनुबियास : यांचे आल्याच्या गड्ड्यासारखे आडवे खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे.
- व्हॅलिस्नेरिया : मुळे वाळूत दाबावीत, पानांचा बुडखा वर ठेवावा. धावत्या खोडांनी रोपे वाढतात.
- क्रिप्टोकोरीन : लागवडीनंतर पाने गळाली तरी मुळे उपटू नयेत. काही आठवड्यांत नवी पाने येतात. या गटातील काही जाती कोकणातील ओढ्यांत नैसर्गिकरीत्या आढळतात. त्या तेथून उपटून आणू नयेत.

लागवड

१. २ ते ३ मि.मी. आकाराची जाड वाळू धुऊन ५ ते ७ सें.मी. थर द्यावा. वाळूवर व्हिनेगर टाकून फेस आल्यास त्यात चुना आहे. अशी वाळू वापरू नये.
२. नवीन रोपे आठवडाभर वेगळ्या बादलीत उजेडात ठेवावीत. गोगलगाईंची चिकट अंडी दिसल्यास पुसून काढावीत.
३. सुरुवातीलाच दाट लागवड करावी. विरळ टाकीत शेवाळ लवकर जम बसवते.
४. दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलावे. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे.
५. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे दाट लागवडीत रात्री हवेचा पंप चालू ठेवावा.

युरिया, डीएपी किंवा शेणखत टाकीत कधीही घालू नये. अमोनिया वाढून मासे मरतात.

लक्षणे व उपाय

- काचेवर हिरवा थर : दिवा रोज २ तास कमी लावावा, माशांचे खाद्य कमी करावे.
- पेऱ्यांमधील अंतर वाढून खोड लांबट : प्रकाश कमी पडतो. दिवा थोडा वाढवावा.
- नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या : लोहाची कमतरता.
- जुन्या पानांना छिद्रे : पालाशची कमतरता.

शेवटच्या दोन्ही लक्षणांत मत्स्यटाकीसाठी मिळणारे द्रवखत निम्म्या मात्रेने सुरू करावे. एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे निरीक्षण करावे.

महत्त्वाचे : छाटलेली रोपे विहीर, शेततळे किंवा ओढ्यात टाकू नयेत. आज नद्या व्यापणारी जलपर्णीही शोभेची वनस्पती म्हणूनच देशात आली होती. छाटणी पूर्ण वाळवून कंपोस्ट खड्ड्यात टाकावी.