परवलीचा शब्द : बिनतारीच्या परवानगीचा एक इतिहास

'बिनतारी' या मराठी शब्दाला एक सरकारी वास आहे. पोलिसांच्या जीपमधला खरखरणारा संच, जहाजावरचा संदेशक, लष्कराची छावणी, एवढ्याच ठिकाणी तो शब्द नांदला. घरोघरी बिनतारी यंत्रणा पोचली तेव्हा तिच्याबरोबर हा शब्द आला नाही. आला तो 'वाय-फाय'. हे नाव १९९९ साली व्यापारी नावे घडवणाऱ्या एका कंपनीने तयार करून दिले होते आणि त्याला स्वतःचा असा अर्थ नाही. अर्थ असलेला शब्द मागे राहिला आणि अर्थ नसलेला पुढे गेला, याचे कारण केवळ इंग्रजीचे आकर्षण असेल असे मला वाटत नाही. 'बिनतारी' या शब्दात परवाना, पहारा आणि सरकार इतके मुरलेले होते की घरातल्या दिवाणखान्यात तो शोभलाच नसता.

परंतु परवाना आणि पहारा खरोखरच गेला काय? पिंपरीहून पवनेवरचा पूल ओलांडून काळेवाडीत आलेला एखादा नवा भाडेकरू आपल्या खोलीत लॅपटॉप उघडतो. पडद्यावर आसपासच्या जाळ्यांची यादी उमटते : कुणाचे आडनाव, कुणाच्या मुलीचे नाव, कुठे नुसताच कंपनीने दिलेला क्रमांक. जवळजवळ प्रत्येक नावापुढे एक कुलूप असते. नाव निवडले की यंत्र परवलीचा शब्द विचारते. हे कुलूप तिथे कसे आले, हा या लेखाचा विषय आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास सहसा वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. इथे तो परवानगीचा इतिहास म्हणून पाहायचा आहे.

या इतिहासाचे पहिले पान काळेवाडीपासून फार दूर नाही. काळेवाडीवरून वाहणारी पवना पुढे दापोडीजवळ मुळेला मिळते आणि त्या संगमाच्या पलीकडे खडकी लागते. १९२७ साली खडकी येथील प्रक्षेपण केंद्र आणि दौंड येथील ग्रहण केंद्र यांच्याद्वारे हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी विकसित केलेल्या 'बीम' पद्धतीत लघुलहरी चहूकडे न पसरवता एका दिशेने झोताप्रमाणे सोडल्या जात. इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी टेटनी आणि विन्थॉर्प अशी दोन केंद्रे होती. प्रक्षेपण एकीकडे आणि ग्रहण दुसरीकडे, कारण शेजारी गर्जना चालू असताना दूरची कुजबुज ऐकू येत नाही. साम्राज्याची कुजबुज दौंडला ऐकली जाई आणि खडकीहून तिला उत्तर जाई. खडकी-दौंडच्या सामान्य माणसाला मात्र तारघराच्या खिडकीशी उभे राहून, शब्दागणिक पैसे मोजून आपला मजकूर दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागे. डोक्यावरून लहरी जात होत्या. त्यांच्याशी स्वतः बोलण्याची सोय नव्हती.

त्याच वर्षी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले. आता लहरी घरात ऐकता येऊ लागल्या, पण त्यासाठी वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे. पुष्कळांनी तो काढलाच नाही. कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि केंद्र सरकारच्या हाती गेले. या अनुभवानंतर १९३३ चा 'इंडियन वायरलेस टेलिग्राफी अॅक्ट' आला. १८८५ च्या तार कायद्याने तारायंत्रणेचा अनन्य अधिकार सरकारला दिलेलाच होता. नव्या कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. बिनतारी यंत्र वापरणे तर राहोच, ते परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. वाचकांनी या तरतुदीकडे बारकाईने पाहावे, अशी विनंती आहे. शब्द उच्चारण्यापूर्वीच, शब्द पकडू शकणारे साधन जवळ असण्यावर बंधन आले. पुस्तक छापण्यासाठी छापखान्याची नोंद करावी लागे. इथे जणू वाचकाच्या चष्म्याचीच नोंद मागितली होती.

ही धास्ती सरकारच्या दृष्टीने निराधार नव्हती, हे १९४२ ने दाखवून दिले. ऑगस्टमध्ये पुढारी पकडले गेल्यावर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत 'काँग्रेस रेडिओ' चालवला. विनापरवाना प्रक्षेपक, सतत बदलणाऱ्या जागा आणि मागावर असलेले पोलीस अशी ती सुमारे तीन महिन्यांची कहाणी १२ नोव्हेंबर १९४२ रोजी अटकेने संपली. त्या काळी लहरीवर आपला आवाज सोडणे म्हणजे राज्यकर्त्याच्या हद्दीत शिरणे होते.

स्वातंत्र्यानंतर हद्दीचा मालक बदलला. हद्द तशीच राहिली. १९३३ चा कायदाही तसाच राहिला. तिला तात्त्विक पातळीवर पहिला मोठा धक्का बसला तो ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला परिचित झाले. आकाश कुणाचे, या प्रश्नाला 'सर्वांचे' असे उत्तर कायद्याच्या भाषेत मिळाले. मात्र सर्वांचे म्हणजे कसे, हे ठरायचे होते. निकालाने लहरींचे नियमन सार्वजनिक संस्थेकडे असावे असेही म्हटले होते. म्हणजे फाटक उघडले तरी फाटकाशी कुणीतरी उभे असणारच होते.

फाटकाशी कुणीच नाही, अशी एक छोटी पट्टी जानेवारी २००५ मध्ये मिळाली. केंद्र सरकारच्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीची यंत्रे परवान्यातून मुक्त झाली. अमेरिकेने अशा पट्ट्या १९८५ मध्येच खुल्या केल्या होत्या. याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह भट्ट्या चालतात, त्यामुळे दूरसंचाराच्या व्यापाराला ती जागा नकोशीच होती. या मुक्तीच्या अटी मोठ्या अर्थपूर्ण आहेत. शक्ती थोडी असावी. जागा कुणा एकाची नव्हे. तुम्ही परवानाधारकाला त्रास द्यायचा नाही आणि तुम्हाला कुणाचा त्रास झाला तर दाद मागायची नाही. आपल्याकडे याला जुना शब्द आहे : गायरान. तिथे गुरे सर्वांची चरतात. माझ्या गाईच्या तोंडचा घास तुझ्या गाईने पळवला, अशी फिर्याद तिथे चालत नाही. गिरण्या, कारखाने आणि इमारतींनी जमिनीवरची गायराने गिळलेल्या काळात हवेत एक गायरान निर्माण झाले, ही या इतिहासातली दुर्मीळ आनंदाची जागा आहे.

काळेवाडीसारख्या वस्तीत या गायरानाला विशेष अर्थ होता. पिंपरीचे कारखाने, चाकणचा पट्टा आणि हिंजवडीचे आयटी पार्क यांच्यामुळे इथे माणसे राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आली. खाली मालक, वर भाडेकरू. भिंतीला भिंत लागलेली. एका जोडणीची लहर चार बिऱ्हाडांत सहज पोचते. तार एका दारात संपते. लहर दार पाहत नाही. जाळे सांगणारे यंत्र सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारत असते आणि ऐकू येईल त्या प्रत्येकाला ते ऐकू जाते. या दशकात पुण्यातही 'अनवायर पुणे' या नावाने शहरभर बिनतारी जाळे पसरवण्याची घोषणा गाजली. ते स्वप्न शहरभर कधीच उतरले नाही. पण घराघरांतून, कुलूप न लावलेल्या जोडण्यांच्या रूपाने, त्याचे एक अनौपचारिक रूप काही काळ अस्तित्वात होते. काहींच्या बाबतीत ते औदार्य होते, बहुतेकांच्या बाबतीत अनवधान.

ते संपले २००८ मध्ये. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि ५६ माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाची चौकशी झाली. त्याची बिनतारी जोडणी उघडी होती आणि दुसऱ्याच कुणीतरी ती वापरली होती. पुढे २३ ऑगस्टच्या ई-मेलचा माग माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यापर्यंत गेला आणि १३ सप्टेंबरच्या, दिल्लीतील स्फोटांच्या वेळच्या ई-मेलचा चेंबूरच्या एका कंपनीपर्यंत. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन रस्त्यारस्त्यांतून उघड्या जोडण्या शोधण्याची मोहीम जाहीर केली. २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार विभागाने सेवा कंपन्यांना सूचना दिल्या : वापरणाऱ्याची ओळख पटवल्याशिवाय बिनतारी इंटरनेट देऊ नये.

इथे एक बदल घडला आणि त्याचे महत्त्व तेव्हा फारसे कुणी बोलून दाखवले नाही. १९३३ मध्ये 'तू कोण आणि कुणाच्या परवानगीने?' हा प्रश्न सरकार विचारत होते. २००९ नंतर तोच प्रश्न विचारण्याचे काम गृहस्थावर आले. परवाना देणारा अधिकारी गेला. प्रत्येक घर आपल्यापुरते तारखाते झाले. कुलूप लावणे ही खबरदारी राहिली नाही, ते नागरिकाचे कर्तव्य ठरले. आणि शेजाऱ्याला परवलीचा शब्द देणे या साध्या गोष्टीत 'उद्या काही झाले तर?' ही शंका कायमची येऊन बसली. भाषा वेगळी, प्रांत वेगळा, कामाची पाळी वेगळी अशा अनोळखी भाडेकरूंच्या वस्तीत त्या शंकेचा भार कुणावर अधिक पडतो, हे सांगायला नको. ज्याच्याबद्दल आपल्याला आधीच संशय असतो, त्यालाच शब्द नाकारला जातो. ते ई-मेल पाठवणाऱ्यांनी केलेला हाही एक घात आहे आणि त्याची नोंद कोणत्याही आरोपपत्रात नाही.

स्थानकावर वा चहाच्या दुकानात आज नवे जाळे जोडताना शब्दाऐवजी मोबाइल क्रमांक विचारतात आणि त्यावर आलेला संकेतांक भरावा लागतो. मोबाइल क्रमांकामागे ओळखपत्र असते. म्हणजे दहा रुपयांचा परवाना गेला आणि माणूसच परवाना झाला. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी' योजनेने किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय इंटरनेट पुरवण्याची मुभा दिली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तिथेही वापरणाऱ्याची ओळख सुटलेली नाही. १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा संमत झाला. कायद्याची नावे बदलतात, प्रश्न जुनाच राहतो.

आपण साहित्याचे लोक असल्यामुळे शेवटी शब्दाविषयी थोडे. छावणीच्या पहारेकऱ्याला सांगायचा गुप्त शब्द तो परवलीचा शब्द. आजच्या मराठीत त्याचा अर्थ उलटला आहे : 'विकास हा आजचा परवलीचा शब्द आहे' असे आपण लिहितो, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला शब्द. संगणकाने त्याला पुन्हा मूळ अर्थ मिळवून दिला, परंतु मराठीपण दिले नाही. बिनतारी जाळ्याच्या नावाला फक्त ३२ बाइटची जागा असते आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण, प्रत्येक काना-मात्रा-अनुस्वार, तीन बाइट खातो. त्यामुळे 'काळेवाडी' हे नाव २४ बाइटमध्ये मावते, 'पिंपरी-चिंचवड' मावत नाही. आणि घरगुती जाळ्यांच्या प्रचलित पद्धतीत परवलीचा शब्द तर रोमन कळफलकावरच्याच ८ ते ६३ चिन्हांचा असावा लागतो. दारावरची पाटी मराठीत चालेल. दाराशी उच्चारायचा शब्द चालणार नाही. ज्या भाषेत आपण शेजाऱ्यावर विश्वास टाकतो, त्या भाषेत तो यंत्राला सांगता येत नाही.

या यंत्रणेतली एक बाब मात्र मला विचार करण्याजोगी वाटते. २००४ पासून रूढ झालेल्या सुरक्षापद्धतीत आपण टंकलेला परवलीचा शब्द हवेतून जातच नाही. दोन्ही यंत्रे एकमेकांकडे काही यादृच्छिक अंक पाठवतात, त्या अंकांवर दोघेही आपापल्याजवळच्या शब्दाने गणित करतात आणि उत्तरे जुळली की ओळख पटते. शब्द न उच्चारता तो दोघांनाही ठाऊक आहे, एवढेच सिद्ध होते. मात्र तो दोघांनाही ठाऊक असण्यासाठी त्याआधी कधीतरी एका माणसाने दुसऱ्या माणसाला तो सांगितलेला असावा लागतो; जिन्यात उभे राहून, कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून किंवा एकेक अक्षर उच्चारून. खडकीच्या मनोऱ्यांपासून आजपर्यंतच्या सगळ्या बिनतारी इतिहासात कायदा, परवाना किंवा संकेतांक या एका कृतीची जागा घेऊ शकलेला नाही. ती करायची की नाही, हे अजून आपल्याच हाती आहे.